रामटेके कोणाचे नोकर?

१

नॉर्थ प्रेरी रेल्वेच्या पेन्शन ऑफिसात तक्रारींसाठी एक वेगळा फोन होता. तो कोणी उचलत नसे. बोलणाऱ्याने मशीनवर बोलायचं, नाव सांगितलं तर सांगितलं. भांडलेले शेजारी आणि विभक्त झालेल्या बायका यांचाच त्यावर जास्त भरणा असे. २००७ सालच्या फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, तपासनीस प्रीती गजभियेने हेडफोन लावला आणि तिला एका म्हाताऱ्या बाईचा आवाज ऐकू आला. आवाज दबका होता, तोंडावर मफलर धरल्यासारखा. इंग्रजी सावकाश, शब्द जुळवून बोललेलं.

"तुमचा पेन्शनर वाल्मिक रामटेके तुमच्याच यार्डात काम करतो. पेन्शन पण घेतो. ही इज गोइंग टु ड्यूटी. त्या मोठ्या वादळाच्या दिवशीसुद्धा गेला, चालत. फोनवर विचारू नका. स्वतः येऊन बघा. हत्यारं कोणाची आहेत ते बघा."

बस. पुढे नुसती खरखर.

प्रीतीने ते दोनदा ऐकलं. नियम साधा होता. रेल्वेतून लवकर निवृत्त झालेल्या माणसाने स्वतःचा धंदा काढला, दुकान टाकलं, टॅक्सी चालवली, तर पेन्शनला धक्का लागत नाही. पण तोच माणूस पुन्हा रेल्वेच्या नोकरीत शिरला, तर नोकरी चालेल तेवढे महिने पेन्शन बंद. लपवून केली असेल तर घेतलेली पेन्शनही परत.

कॅनडातल्या सस्काटून शहरात मराठी घरं मोजकीच. त्यातून नागपूरचे, जयभीम म्हणणारे आणखी कमी. रामटेके काकांना प्रीती ओळखत होती, नात्याची नव्हती. तिने साहेबाला तसं सांगूनही टाकलं. साहेब म्हणाला, नातं नाही ना, मग तूच जा. भाषा येते तुला, खोटं बोलला तर लगेच कळेल.

खोटं बोलतील एवढीच तिला भीती होती. झालं उलटंच.

२

रामटेक्यांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती. तिथे बर्फ उडवायची यंत्रं होती, कोणाचं झाकण उघडं, कोणाचं चाक निघालेलं. दारावर पाटी होती, रामटेके रिपेअर्स. प्रीती पोचली तेव्हा काका एका गोऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होते की हे यंत्र मी घेणार नाही, यावर खर्च करण्यात अर्थ नाही, दुसरं बघ. गिऱ्हाईक थोडा वेळ घुटमळला आणि यंत्र ट्रकमध्ये टाकून गेला.

"जयभीम काका. मी आज ऑफिसच्या कामाने आलेय."

"माहीत आहे. ये, आत ये. थंडीत काऊन उभी आहेस?"

वाल्मिक रामटेके साठी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस. तरुणपणी अजनीच्या लोको शेडमध्ये फिटर होता. मग कॅनडात आला आणि इथल्या रेल्वेत केस पांढरे केले. कांताबाईंनी हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी करून संसाराला हातभार लावला होता. मुलगा विशाल ओकव्हिलला सॉफ्टवेअरमध्ये. घर कोणाला बोट दाखवायला जागा नाही असं.

प्रीतीने मुद्दामच सोपा प्रश्न आधी टाकला. बुडणाऱ्याला हात द्यावा तसा.

"यार्डात तुम्ही कॉन्ट्रॅक्टर म्हणून जाता ना? तुमच्या या धंद्याच्या नावाने?"

"नाव माझं. बाकी सगळं त्यांचं."

"म्हणजे हत्यारं?"

"त्यांची. फावडं, झाडू, ग्रीसची बंदूक, रेडिओ. माझं काहीच चालत नाही तिथं."

"पण कधी जायचं ते तर तुम्ही ठरवता."

"ग्लेन ठरवते. यार्डाचा साहेब. फोन आला की जा लागते. रुळांच्या सांध्यांत बर्फ भरला की सांधा फिरत नाही, गाडी अडकते. तो साफ कराचा."

"एखाद्या दिवशी जमलं नाही, तर दुसऱ्या कोणाला पाठवता येतं?"

"नाही बाप्पा. मलेच जा लागते."

प्रीतीने पेन खाली ठेवलं. तीन प्रश्न, आणि तिन्ही उत्तरं स्वतःच्या मुळावर. चार वर्षांच्या या नोकरीत तिने रडणारे पाहिले होते, आरडाओरडा करणारे पाहिले होते, आजारी पडायचं सोंग करणारेही पाहिले होते. इतक्या शांतपणे स्वतःच्या विरोधात बोलणारा हा पहिलाच.

"काका, यातून काय निघतं ते कळतंय ना तुम्हाला?"

"हाव. कळते."

कांताबाई चहा आणि सांजोऱ्या घेऊन आल्या. "घे बेटा. यांचं काही ऐकू नको. ड्यूटीवर गेले की जेवाचं पण भान राहत नाही यांना." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. प्रीतीकडेही धड पाहिलं नाही. ट्रे ठेवला आणि गेल्या.

"तुमच्यावर तक्रार कोणी केली असेल, काही अंदाज?"

काकांनी कपात पाहिलं. "ते विचारू नको. मी रेल्वेचा नोकर आहे का, नाही, तेवढं पाहा. आणि जे दिसन ते लिही."

३

ग्लेन फ्रीसनने तिला यार्डात मोठ्या उत्साहाने फिरवलं. लाल गालांचा, बोलघेवडा माणूस. इंजिन गोठू नये म्हणून गाडी विजेच्या प्लगला लावलीस ना, आज उणे तीस आहे, असं दोनदा विचारलं. मग न विचारताच सांगू लागला.

"तुमचा रामटेके, आमचा वॉल्ट, स्वतःचा मालक आहे. बिझनेस त्याचा, वेळ त्याची, हत्यारं त्याची. आम्ही फक्त काम देतो. हवं तेव्हा येतो, नको तेव्हा येत नाही."

हे ऐकून प्रीतीला बरं वाटलं, हे तिने स्वतःपाशी कबूल केलं. यार्डाचा साहेब म्हणतो स्वतंत्र. कागदावर स्वतंत्र. मग काकांची पेन्शन वाचवायला अडचण कसली?

पण कामगारांच्या खोलीत भिंतीला खुंट्या होत्या. प्रत्येक खुंटीला केशरी जाकीट, खाली रेल्वेचा शिक्का मारलेलं फावडं, वर नावाची चिकटपट्टी. शेवटच्या पट्टीवर लिहिलं होतं, वॉल्ट. ग्लेन तिच्यासमोर येऊन उभा राहिला, पण थोडा उशिराच.

"जानेवारीतल्या वादळात काय केलंत?" तिने सहज विचारलं.

"त्या दिवशी? बंद. रस्तेच बंद होते. मी घरात अडकलो होतो. इथे चिटपाखरू नव्हतं."

"मग गाड्या अडकल्या असतील."

"छे. धान्याची गाडी वेळेवर गेली. अख्ख्या प्रांतात आमचंच यार्ड चालू होतं त्या संध्याकाळी. वरून शाबासकी आली." ग्लेन हसला.

प्रीती खिडकीतून रुळांकडे पाहत होती. एका रुळातून दुसरा फुटतो तिथे बर्फाचे ढीग बाजूला सारलेले होते.

"यार्डात कोणी नव्हतं, तर सांधे साफ कोणी केले?"

ग्लेनचं हसू तसंच राहिलं. मग तो खांदे उडवून म्हणाला, "वॉल्टला वाटलं असेल जावंसं. मालक आहे तो. त्याच्या आधीच्यालाही असंच वाटायचं, आणि पडला बिचारा."

"आधीचा कोण?"

"वसिल हॅवरिलुक. तोही आमचाच रिटायर्ड. आमचा नोकर नव्हता म्हणा, पडला तेव्हा. स्वतःचा मालक."

गाडीत बसल्यावर प्रीतीने इंजिन चालू केलं नाही. वादळाच्या दिवशी काका यार्डात होते, हे जगात कोणाला ठाऊक असणार? ज्याने बोलावलं त्याला, जो गेला त्याला, आणि ज्याला त्यापैकी कोणी सांगितलं त्याला. तक्रार करून ग्लेनचं नुकसानच होतं. मग ज्याची जागा काकांनी घेतली, तो वसिल?

४

वसिलच्या घराची पायवाट स्वच्छ साफ केलेली होती. दार उघडलं त्याच्या बायकोने, ओल्गाने. म्हातारी, डोक्याला रुमाल, इंग्रजी सावकाश, शब्द जुळवून. आवाज हाच असू शकत होता.

वसिल खुर्चीत होता, शेजारी वॉकर. मागच्या हिवाळ्यात यार्डात सांध्याजवळ पाय घसरला, खुबा मोडला. दोनदा ऑपरेशन झालं, तरी चालणं असं तसंच.

"भरपाई?" प्रीतीने विचारलं.

"भरपाईवाल्यांना रेल्वेने कळवलं, हा आमचा नोकर नाही, स्वतःचा मालक आहे. झालं, अर्ज फेटाळला." वसिलने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, म्हणून ते सोसणं जास्त कठीण गेलं. "आणि तुमच्या ऑफिसने कळवलं, तू रेल्वेची नोकरी करत होतास, तेवढ्या महिन्यांची पेन्शन बंद. मी माझ्या बायकोला म्हटलं, ओल्गा, एकाच खुब्याचे दोन मालक कसे?"

तो निर्णय तिचा नव्हता, शेजारच्या टेबलावरचा होता. यार्डात माणूस काम करताना सापडला एवढं पाहून दिलेला. कोणी जाऊन काही पाहिलं नव्हतं.

"तुम्ही दाद मागितली नाही?"

"मागितली. पुरावा काय म्हणाले. ग्लेन सांगतो हत्यारं माझी होती. माझ्या वेळेला तिथे दुसरं कोणीच नसायचं. माझ्या बाजूने बोलणार कोण?"

"तुमच्या जागी आता कोण काम करतं, माहीत आहे?"

"नाही. कोण?"

प्रीतीने नाव सांगितलं. ओल्गाच्या हातातलं विणकाम मांडीवर पडलं. वसिलने वॉकर जवळ ओढला.

"वॉल्टी? तो तर बर्फाची यंत्रं दुरुस्त करतो. दर रविवारी येऊन माझ्या पायवाटेवरचा बर्फ काढतो. मला बोलला नाही तो." ते दुखावलेपण खोटं नव्हतं. ओल्गा नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि प्रीतीने मनातल्या यादीतून दोघांनाही काढून टाकलं.

ती निघताना वसिल म्हणाला, "गंमत आहे. मागच्या उन्हाळ्यात वॉल्टीने मला हेच विचारलं होतं. हत्यारं कोणाची, फोन कोण करायचं, बदली माणूस पाठवता यायचा का. तू विचारलंस तेच."

५

विशालला तिने दुपारी फोन केला. तो ऑफिसातून ओकव्हिलला परतणाऱ्या लोकलमध्ये, गो ट्रेनमध्ये होता. आईबापांनी सस्काटूनचं घर विकून आपल्याकडे यावं म्हणून तो मागे लागला होता, हे काकूंनीच कधीतरी सांगितलं होतं. पेन्शन अडचणीत आली तर त्यांना यावंच लागलं असतं. कारण होतं त्याच्यापाशी.

"बाबा यार्डात? आर यू सीरियस?" विशाल म्हणाला. "इन दॅट वेदर? ताई, मला कोणीच काही सांगितलं नाही. किती शिफ्ट्स करतात? नाईट शिफ्टपण?"

शिफ्ट.

प्रीतीने फोन ठेवला. ग्रोसरीच्या दुकानासमोर गाडीत बसून ती समोरच्या धुकट काचेकडे बघत राहिली. विशाल या देशात वाढला, तो शिफ्ट म्हणाला. ग्लेन वर्क म्हणाला होता. वसिल आणि ओल्गा, तेही वर्कच. या देशात रेल्वेतला माणूस ड्यूटीला जात नाही. ड्यूटीला जातो तो अजनीचा, भुसावळचा, खडगपूरचा. तिचे स्वतःचे वडील वीज मंडळात लाइनमन होते. बाबा ड्यूटीवर गेले, बाबा ड्यूटीवरून आले, हे ऐकतच ती मोठी झाली. म्हणून मशीनवरच्या बाईचा तो शब्द तिला खटकलाच नाही. घरचा शब्द कानाला कसा खटकणार?

वादळाच्या दिवसाची माहिती घरातली. शब्द घरातला. आणि हत्यारं कोणाची ते बघा, हा प्रश्न तर ज्याने मागच्या उन्हाळ्यात वसिलला बसून विचारला त्याच्याच तोंडचा.

तिने गाडी रामटेक्यांच्या घराकडे वळवली.

६

स्वयंपाकघरात कांताबाई पोळ्या लाटत होत्या. काका टेबलाशी बसले होते. प्रीतीने कोट काढला नाही.

"काकू, फोन तुम्ही केला होता."

लाटणं थांबलं. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग हात पुसले. "हाव. मीच केला. यांनी लिहून दिलं होतं, मी पाठ केलं. पाठ केलेलं बोलता बोलता एक दोन शब्द माझेच निघून गेले."

"काका, स्वतःवर तक्रार?"

"बस बेटा. कोट काढ आधी."

ती बसली. काका बोलू लागले, घाई न करता, मधूनमधून शब्द शोधत.

"मी नवीन आलो होतो तेव्हा यार्डात माझ्याजवळ कोणी डबा खायला बसत नव्हतं. वसिल बसला. मले इथली थंडी त्याने शिकवली. कोणता मोजा आत, कोणता बाहेर. तो पडला, त्याले दोन्हीकडून मारलं. मी तुमच्या ऑफिसले दोनदा फोन केला त्याच्यासाठी. प्रकरण बंद आहे म्हणत. मग मी विचार केला. माणसाले कमी मिळालं तर तुम्ही लोक येत नाही. कोणाले जास्त मिळून राहिलं म्हटलं तर लगेच येता."

काकांनी खुर्ची जवळ ओढली.

"म्हणून मी ग्लेनकडे गेलो. म्हटलं, मले दे ते काम. त्याने वसिलले दिलं तसंच दिलं. तीच फावडी, तोच फोन, तीच बोलणी. वसिलचा काही पुरावा राहिला नव्हता. म्हटलं, नवीन तयार करू. मीच पुरावा."

"आणि वादळाच्या दिवशी तुम्ही पडले असते म्हणजे?" कांताबाई म्हणाल्या. हे त्या पहिल्यांदा म्हणत नव्हत्या, हे ऐकूनच कळत होतं. "मी खिडकीत उभी होती. दोन घरांपलीकडचं दिसत नव्हतं. ग्लेनचा फोन आला आणि हे बूट घालून राहिले. मी म्हटलं, आता पुरे. आता मी फोन करते."

खोलीत पोळीचा वास होता. प्रीतीला आपल्या पदवीचं, आपल्या पदाचं काही वाटलं नाही. तिला फक्त हे वाटलं की समोर बसलेली ही दोन माणसं मोठी आहेत, आणि तसं बोलून दाखवलं तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

म्हणून ती कामाचंच बोलली. "काका, ग्लेन सांगतो तुम्ही स्वतःचे मालक. कागद तेच सांगतो. मी तसं लिहिलं तर तुमच्या पेन्शनला कोणी हात लावणार नाही. रेल्वे खूश, माझा साहेब खूश."

"आणि वसिल?"

"मी खरं लिहिलं तर तुम्ही हिवाळाभर नोकर ठरता. ते महिने पेन्शन बंद. घेतलेली परत. यार्डाच्या करारावर सहीसुद्धा तुम्हीच केली होती ना, स्वतंत्र म्हणून. लपवल्याचा ठपका येऊ शकतो."

"येऊ दे. लपवलं कुठं? आम्हीच तर कळवलं." काका किंचित हसले. मग गंभीर झाले. "बेटा, गॅरेजमध्ये मी मालक आहे. मले पटलं नाही तर मी गिऱ्हाइकाले नाही म्हणतो. यार्डात मले नाही म्हणता येते का? वादळात पण नाही म्हणता आलं नाही. हा फरक आहे. तो लिही."

प्रीतीने तो लिहिला. खुंटी, फावडं, फोन, वादळातली धान्याची गाडी, सगळं लिहिलं. ग्लेनला समोर बसवून पुन्हा विचारलं, तेव्हा वादळाच्या दिवशी आपणच फोन केल्याचं त्याने मान खाली घालून सांगितलं. रामटेके हे रेल्वेचे नोकर होते, हा निष्कर्ष तिने एका वाक्यात लिहिला. त्याखाली दुसरं वाक्य लिहिलं की याच कामावर, याच पद्धतीने, आधी हॅवरिलुक यांना ठेवलेलं होतं. साहेबाने दुसरं वाक्य वाचून भुवया वर केल्या. मग सही केली. तक्रार करणाऱ्याचं नाव त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

७

काकांची हिवाळ्याची पेन्शन गेली. स्वतःहून कळवल्यामुळे ठपका टळला, पण घेतलेले पैसे हप्त्याहप्त्याने परत करावे लागले. विशालने ते भरतो म्हटलं, काकांनी नको म्हटलं. यार्डात सांधे साफ करणाऱ्याचं नाव आता खुंटीसोबत पगारपत्रकावरही आलं. ग्लेनची बदली झाली. आणि वसिलचा भरपाईचा अर्ज, जो बंद झाला होता, तो प्रीतीच्या त्या दुसऱ्या वाक्यामुळे पुन्हा उघडला. रेल्वेला आपलं आधीचं म्हणणं मागे घ्यावं लागलं. मे महिन्यात निर्णय आला. वसिल कामावर असताना जखमी झालेला नोकर ठरला.

बातमी द्यायला प्रीती शनिवारी रामटेक्यांकडे गेली, तर वसिल तिच्या आधीच पोचला होता. गॅरेजच्या तोंडाशी खुर्ची टाकून उन्हात बसला होता, वॉकर बाजूला. ओल्गा आत कांताबाईंजवळ होती. काकांनी त्याला सगळं सांगून टाकलेलं दिसत होतं. वसिलचे डोळे लाल होते.

"मला विचारायचं तरी," वसिल म्हणाला. "तू पडला असतास तर?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

वसिलने मान हलवली. मग हात पुढे केला आणि काकांचा हात धरून ठेवला, बराच वेळ. प्रीती दारातच थांबली. तिला वाटलं, आपण या शहरात इतकी वर्षं राहिलो, आज पहिल्यांदा अभिमान वाटला की ही आपली माणसं.

रस्त्यावर एक ट्रक थांबला. मागे गवत कापायचं यंत्र होतं. गिऱ्हाईक उतरून म्हणाला, आज होईल का, संध्याकाळी पाहुणे येणार आहेत.

काकांनी वसिलचा हात सोडला नाही.

"आज नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "आज मालक सुट्टीवर आहे."